वरखाली मॉनिटर आणि ‘जमत नाही’ हा शेरा

मालवण, कुडाळ, कणकवली, कुठल्याही गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक प्रश्न विचारून पाहावा. ‘माझ्याकडे लिनक्स आहे, दोन मॉनिटर एकावर एक लावायचे आहेत, मांडणी करून द्याल का?’ बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘ता काय जमाचा नाय. विंडोज टाकूया, नायतर नवीन मशीन घेवा.’ विचारणारा मान डोलावतो. मग एक तर दुसरा मॉनिटर परत खोक्यात जातो, नाहीतर चालता कॉम्प्युटर भंगारात.

मी मालवणात अक्षरजुळणीचं काम करतो. स्मरणिका, दशावतारी नाटकांच्या संहिता, लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, जे येईल ते. माझं सगळं काम लिनक्सवर आणि वरखाली लावलेल्या दोन मॉनिटरांवर चालतं. त्यामुळे ‘जमत नाही’ हे उत्तर चुकीचं आहे एवढंच म्हणून मला थांबता येत नाही. ते माणसांचे पैसे बुडवणारं उत्तर आहे. त्याच्या समर्थनार्थ जी कारणं सांगितली जातात, त्यांतलं एक खरं आहे. बाकीची टिकत नाहीत.

आधी पैशांचं बोलू. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव मुदत मिळते, पण घरगुती वापरासाठी ती वर्षभराचीच. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायचं तर टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आपल्या जिल्ह्यातल्या शाळा, ग्रंथालयं, पतपेढ्या, सेवा सोसायट्या, डीटीपीचे गाळे यांच्याकडे त्याआधीच्या पिढीची किती यंत्रं आहेत हे कुठल्याही दारातून डोकावलं तरी दिसतं. ही यंत्रं मेलेली नाहीत. रॅम वाढवली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, वर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं, की ती अजून काही वर्षं पत्रव्यवहार, हिशेब आणि मराठी मजकूर निमूटपणे करतील. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्सवरही एकाच वेळी दोन मॉनिटर चालतात, तिसऱ्या पिढीपासून तीन. म्हणजे ज्या यंत्राला दुकानदार ‘संपलं’ म्हणतो, त्याच्यात दोन मॉनिटर चालवायची ताकद विकत घेतल्या दिवसापासून होती.

आता ‘पण वरखाली कशाला? शेजारी-शेजारी ठेवा की’ हा प्रश्न. तो ज्यांच्याकडे लांबरुंद टेबल आहे त्यांनी विचारावा. चोवीस इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो. दोन शेजारी ठेवले की एक मीटरच्या वर जागा गेली. बाजारपेठेतल्या गाळ्यात टेबलाच्या एका अंगाला प्रिंटर, दुसऱ्या अंगाला कागदाची रिमं, आणि समोर गिऱ्हाईक बसायला एक खुर्ची. तिथे रुंदी कुठून आणायची? भिंत मात्र वर मोकळीच असते. माझ्याकडे खाली लॅपटॉप आहे आणि त्याच्या वर, टेबलाला पकडणाऱ्या लोखंडी खांबावर, चोवीस इंची मॉनिटर. भिंतीत ब्रॅकेट ठोकायचा विचार मी मुद्दाम सोडला. चिऱ्याच्या भिंतीत गिलाव्यापुरता बसलेला स्क्रू वजन धरत नाही, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर तर त्याचा भरवसाच नाही.

जागेपेक्षाही मोठं कारण कामात आहे. हस्तलिखित समोर ठेवून मजकूर टाइप करणारा माणूस दिवसभर दोन ओळींमध्ये ये-जा करत असतो, मूळ ओळ आणि टाइप केलेली ओळ. मॉनिटर शेजारी असले तर प्रत्येक ओळीला मान वळते. वर स्कॅन केलेलं पान आणि खाली मजकूर असेल तर नजर सरळ रेषेत उतरते. संहितेच्या जुन्या वहीत पेन्सिलीची खाडाखोड, मध्येच मालवणी संवाद, मध्येच संस्कृत श्लोक, असं असतं. तिथे ओळ सुटली की अख्खं पात्र सुटतं. वरच्या मॉनिटरवर वहीचं पान मोठं करून ठेवलं की रफार आहे की डाग, हे खुर्चीतून न उठता कळतं. ही सोय मला शेजारच्या मॉनिटरने कधीच दिली नसती.

‘मान धरेल’ ही हरकत मात्र मी हलक्यात घेत नाही. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, हा शरीरशास्त्राला धरून सांगितला जाणारा नियम आहे, आणि वरचा मॉनिटर तो मोडतोच. म्हणून काय कुठे ठेवायचं हे ठरवावं लागतं. टाइप करणं, हिशेब, पत्रं हे सगळं खाली. वर फक्त बघण्याच्या गोष्टी: स्कॅन, नकाशा, तक्ता. वरचा मॉनिटर थोडा खाली झुकवावा आणि दोन्हींमधली फट जेवढी कमी करता येईल तेवढी करावी. कोणी वरच्या मॉनिटरवर दिवसभर टाइप करत असेल तर त्याची मान दुखेलच. पण मग ती विंडोजवरही तेवढीच दुखेल. मानेची हरकत घेऊन लिनक्सला बोल लावता येत नाही.

मुख्य आरोप तो नव्हेच. मुख्य आरोप असा की लिनक्सला दुसऱ्या मॉनिटरची जागा कळत नाही, माउसचा बाण कुठेतरी भलतीकडे जातो, खिडक्या उड्या मारतात. विंडोजवर म्हणे ‘आपोआप’ होतं.

विंडोजवरही ते आपोआप होत नाही. केबल जोडली की तिथेही दुसरा मॉनिटर एक तर पहिल्याचीच नक्कल दाखवतो, किंवा विस्तार निवडल्यावर उजवीकडे जाऊन बसतो. तो वर आहे हे कुठल्याच कॉम्प्युटरला कळायची सोय नाही, कारण केबलमधून मॉनिटर आपली जात, रुंदी, उंची सांगतो. आपण टेबलावर आहोत की खांबावर, हे तो सांगत नाही. म्हणून विंडोजच्या सेटिंगमध्ये त्या मॉनिटरचा चौकोन उचलून वर ठेवावा लागतो. नोम, केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई या लिनक्सच्या चारही प्रमुख डेस्कटॉपमध्ये तेच चौकोन आहेत, तसेच ओढायचे आहेत आणि तसंच ‘अप्लाय’ दाबायचं आहे. एकाच कृतीला एकीकडे ‘आपोआप’ आणि दुसरीकडे ‘जमत नाही’ म्हणणं हा अन्याय आहे.

मग अडचण कुठे येते? ती येते दोन मॉनिटरांची रुंदी वेगळी असते तेव्हा, आणि आपल्याकडे ती जवळजवळ नेहमीच वेगळी असते. जुना लॅपटॉप १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा, वरचा मॉनिटर १९२० बाय १०८०. लिनक्स या दोहोंना एका मोठ्या कागदावर ठेवतं. कागदाचा आरंभ वरच्या डाव्या कोपऱ्यात, शून्य-शून्य. उजवीकडे गेलं की पहिला आकडा वाढतो, खाली गेलं की दुसरा. वरच्या मॉनिटरने १०८० ओळी व्यापल्या, म्हणून लॅपटॉपची सुरुवात १०८० वर. इथवर सगळे येतात. पण आडवं कुठे? एक्सरँडर या आदेशाला नुसतं ‘अबव्ह’ सांगितलं की तो दोघांच्या डाव्या कडा जुळवतो. आपण मात्र लॅपटॉप मॉनिटरच्या बरोबर मधोमध ठेवलेला असतो. परिणाम असा, की लॅपटॉपच्या मध्यावरून बाण वर नेला तर तो वरच्या मॉनिटरच्या डाव्या अंगाला उगवतो. माणूस म्हणतो, ‘बघ, बाण भलतीकडे गेला.’ बाण सांगितलं तिथेच गेला. १९२० मधून १३६६ वजा केले की ५५४, त्याचा निम्मा २७७. लॅपटॉपची जागा २७७, १०८०. एवढा आकडा दिला की बाण सरळ चढतो आणि सरळ उतरतो. ज्यांना आदेश टाइप करायचा नाही त्यांनी खालचा चौकोन ओढून वरच्याच्या मधोमध आणावा, काम तेच होतं. मग लॅपटॉपला ‘प्रायमरी’ करावं, म्हणजे मेनू आणि नवीन खिडक्या खाली उघडतात.

वजाबाकी आणि भागाकार. याला ‘तज्ज्ञांचं काम’ म्हणून लोकांना घाबरवलं जातं याची मला खंत वाटते.

या गैरसमजाचं वय काढता येतं. लिनक्सवर चित्र दाखवणारी एक्स विंडो ही प्रणाली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९८४ ला सुरू झाली, तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. पुष्कळ वर्षं तिच्यावर दुसरा मॉनिटर जोडायचा म्हणजे सेटिंगची फाइल हाताने लिहायची आणि सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं. एक चूक झाली की काळा पडदा. २००७ मध्ये तिच्या रँडर या विस्ताराची १.२ आवृत्ती आली आणि चालू यंत्रावर मॉनिटर जोडणं, काढणं, वरखाली करणं शक्य झालं. तेव्हापासून आज अठरा वर्षांहून जास्त काळ गेला. दुकानातला अनुभव त्याआधीचा असेल तर तो प्रामाणिकपणे तसा सांगावा.

गंमत नव्हे, खरी गोष्ट आहे, की त्या काळातल्या छोट्या लॅपटॉपवर वरखाली हीच मांडणी जास्त भरवशाची होती. इंटेलच्या ९४५ जातीच्या ग्राफिक्सला त्रिमितीय काम २०४८ बाय २०४८ पिक्सेलच्या चौकटीतच झेपे. १०२४ बाय ६०० चा छोटा लॅपटॉप आणि शेजारी १२८० बाय १०२४ चा मॉनिटर, म्हणजे रुंदी २३०४ झाली, चौकट ओलांडली. तोच मॉनिटर वर ठेवला की रुंदी १२८० आणि उंची १६२४, दोन्ही आत. ‘जमत नाही’ म्हणून जी मांडणी नाकारली जाते, ती त्या यंत्रांवर जमणारी मांडणी होती.

आता किनाऱ्यावरचा खरा गुन्हेगार. एका वाचनालयात मला बोलावलं होतं. तिथे लिनक्सचं यंत्र, वर देणगीत आलेला मॉनिटर. तक्रार अशी, की वरचं चित्र फुगलेलं, अक्षरं भुरकट, आणि मध्येच मॉनिटर नाहीसा होऊन सगळ्या खिडक्या खाली कोसळतात. आधी बघून गेलेल्याने ‘लिनक्समुळे’ असा निकाल दिला होता. मी केबल काढली. निळ्या डोक्याची व्हीजीए केबल, तिच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर, दोन पिना काळ्या पडलेल्या. मध्ये एचडीएमआयचं व्हीजीए करणारा एक स्वस्त बिनकंपनीचा अडॅप्टर. मॉनिटर आपली माहिती ज्या तारांवरून पाठवतो त्याच गंजल्या होत्या. माहिती आली नाही की लिनक्स सुरक्षित म्हणून १०२४ बाय ७६८ धरतं. चित्र फुगणारच. पंख्याच्या वाऱ्याने केबल हलली की जोड सुटतो, यंत्राला वाटतं मॉनिटर काढून नेला, आणि ते खिडक्या उरलेल्या मॉनिटरवर आणून ठेवतं, जे त्याने करायलाच हवं. केबल आणि अडॅप्टर बदलले. प्रणालीच्या एकाही सेटिंगला हात न लावता चित्र पूर्ण १९२० बाय १०८० वर आलं. मग चौकोन वर ओढला.

खारी हवा घराच्या कडी-कोयंड्याला सोडत नाही, ती केबलच्या पिनांना कशी सोडेल? देवबाग, तारकर्ली, दांडी, आचरा, वेंगुर्ला, जिथे समुद्र हाकेवर आहे तिथे निकाल देण्याआधी केबल बघावी. पावसाळ्यापूर्वी पिना साफ कराव्यात, जोड ढिले ठेवू नयेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळामुळे आपल्याकडे कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. असं काही झालं की वीज परत येताना मॉनिटर आणि यंत्र मागे-पुढे चालू होतात. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर नुसता बंद केला तरी पुष्कळदा यंत्राला तो काढल्यासारखा वाटतो. तेव्हा मांडणी क्षणभर विस्कटते आणि मॉनिटर परत आला की जतन केलेली मांडणी सहसा परत लागते. हा विजेचा आणि जोडणीचा विषय आहे.

लिनक्सच्या बाजूने बोलतो म्हणून त्याचे खरे दोष झाकणार नाही. एक्सएफसीईमध्ये दोन मॉनिटरांच्या मधल्या कडेवर मेनूची पट्टी ठेवली, म्हणजे वरच्याच्या तळाशी किंवा खालच्याच्या माथ्यावर, तर ती खिडक्यांसाठी जागा राखत नाही, आणि मोठी केलेली खिडकी पट्टीखाली जाते. उपाय एकच, पट्टी बाहेरच्या कडेला न्यावी, खालच्या मॉनिटरच्या तळाशी. नोममध्ये वरची पट्टी खालच्या मॉनिटरवर असली की बाण पट्टीवर थांबत नाही, सरळ वरच्या मॉनिटरवर निघून जातो. शेजारी मॉनिटर असताना बाण डोळे झाकून वर फेकला तरी तो पट्टीवर अडतो, इथे नेम धरावा लागतो. ही गैरसोय खरी आहे आणि वरखाली मांडणी वापरणाऱ्याने ती जाणून घ्यावी. नोममधला आणखी एक प्रकार: तुम्ही केलेली मांडणी तुमच्या खात्यात जतन होते, लॉगिनच्या पडद्याला ती माहीत नसते. त्यामुळे सुरुवातीला मॉनिटर शेजारी-शेजारी असल्यासारखे वागतात आणि लोकांना वाटतं सेटिंग पुसलं गेलं. ते पुसलेलं नसतं. मॉनिटरच्या मांडणीची फाइल लॉगिनच्या जागी एकदा नक्कल करून ठेवली की प्रश्न मिटतो.

आणि लिनक्सवाल्यांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. कोणी मदत मागितली की त्याच्या तोंडावर आदेश फेकायचा, तो कशासाठी आहे ते सांगायचं नाही, ही आपली सवय वाईट आहे. त्यातही जुना आदेश. चित्र दाखवायची वेलँड ही नवी पद्धत २००८ पासून घडत आली आणि आता उबुंटूसारख्या लिनक्समध्ये तीच मुख्य झाली आहे. तिथे एक्सरँडरने मांडणी बदलत नाही, सेटिंगमधले चौकोनच वापरावे लागतात. लिनक्स मिंटचा सिनॅमन अजून मुख्यतः एक्सवर चालतो, तिथे तो आदेश लागू पडतो. आधी कोणती पद्धत चालू आहे ते विचारावं, मग सल्ला द्यावा. दहा वर्षांपूर्वीचा आदेश आज चालला नाही की नवखा माणूस कायमचा दुरावतो, आणि ‘जमत नाही’ म्हणणाऱ्यांना आपणच एक साक्षीदार पुरवतो. मराठीत नीट लिहिलेल्या सूचना नाहीत, हीसुद्धा आपली जबाबदारी आहे.

राहिलं ते एक खरं कारण. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला डिजिटल सहीचं टोकन आणि बोटांचे ठसे घेणारं उपकरण लागतं. काही टोकनांचे लिनक्सवरचे ड्रायव्हर मिळतात, पण ठशांच्या उपकरणांचं काम प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइड गृहीत धरून केलेलं असतं. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये पेजमेकरवर वर्षानुवर्षं काम साठवलेल्या डीटीपीवाल्याचीही तीच अडचण. अशांनी त्या कामापुरतं एक विंडोज यंत्र ठेवावं, त्यात कमीपणा नाही. पण ही अडचण टोकनाची आणि फॉन्टची आहे. मॉनिटर वर आहे की शेजारी, याच्याशी तिचा संबंध नाही. युनिकोडमधलं नवं काम लिब्रेऑफिसमध्ये आणि स्क्राइबसच्या १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरांसह नीट होतं, मी रोज करतो. केरळमध्ये सरकारी शाळा स्वतःच्या लिनक्सवर चालतात, काईट ही तिथली शासकीय संस्थाच ते तयार करून देते. कोळंबी, भात आणि पाऊस यांत आपली बरोबरी असलेल्या किनाऱ्याला जे जमतं ते आपल्याला जमणार नाही असं मानायला मी तयार नाही.

मच्छीमार सोसायटीतला कारकून इन्कॉइस या समुद्रमाहिती केंद्राचा मासळीच्या क्षेत्राचा नकाशा वर आणि नौकांची यादी खाली ठेवू शकतो. देवगडचा बागायतदार वर मागण्यांची यादी आणि खाली कुरिअरच्या चिठ्ठ्या ठेवू शकतो. घरी पडलेला जुना कॉम्प्युटर, कोणाकडे तरी अडगळीत असलेला दुसरा मॉनिटर आणि एक चांगली केबल, एवढ्यावर हे होतं.

दुकानदार मित्रांना विनंती आहे की एका पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घालून दुकानात ठेवावं. ते यंत्रात काहीही न बसवता, डिस्कला हात न लावता, पेन ड्राइव्हवरूनच चालतं. गिऱ्हाइकाचं यंत्र त्यावर चालू करावं, दोन्ही मॉनिटर जोडावेत, चौकोन वर ओढून दाखवावा. आणि गिऱ्हाइकांनो, हे तुमच्या डोळ्यांसमोर करून पाहिल्याशिवाय ‘जमत नाही’ हे उत्तर स्वीकारू नका, आणि त्या उत्तरावर नव्या मशीनचे पैसे तर मुळीच देऊ नका.